कार्तीय निर्देशकांवरून ध्रुवीय निर्देशक काढताना
(−३, ४) हा बिंदू घ्या. ध्रुवीय निर्देशक म्हणजे आरंभबिंदूपासूनचं अंतर (त्रिज्या) आणि धन क्ष-अक्षाशी होणारा कोन. त्रिज्या सोपी: ९ + १६ = २५, त्याचं वर्गमूळ ५.

घोळ होतो तो कोनात. कॅल्क्युलेटरवर ४ ÷ (−३) चा टॅन इन्व्हर्स −५३.१३° येतो, म्हणजे चौथा चरण; आपला बिंदू तर दुसऱ्यात! भागाकार केला की ऋण चिन्ह नेमकं कुणाचं होतं हेच कळत नाही. म्हणून क्ष ऋण असेल तर १८०° मिळवा: १२६.८७°. आधी कच्ची आकृती काढलीत तर ही चूक लगेच दिसते.

क्ष शून्य असेल तर भागूच नका. य धन असल्यास ९०°, ऋण असल्यास २७०°.

प्रोग्राममध्ये एटॅन२ (atan2) वापरा; हे फंक्शन क्ष आणि य वेगवेगळे घेऊन योग्य चरणातला कोन देतं. त्यात बहुतेक भाषांत य आधी लिहितात, एक्सेलमध्ये मात्र क्ष. उत्तर रेडियनमध्ये येतं: २.२१४.