डोंगरातला वसंत : आधी वारा बघा, मग पाऊस

वसंतात डोंगरावरचं ऊन चांगलं तापायला लागलेलं असतं, पण वरची हवा अजून हिवाळ्यातलीच असते. खालची तापलेली हवा त्या गार हवेत भराभर वर चढते. म्हणून सकाळी लख्ख असलेलं आभाळ दुपारी दोनला भरून येतं, साबुदाण्याएवढ्या गारांची एक सर पडून जाते आणि चार वाजता पुन्हा ऊन. त्यातच दर काही दिवसांनी कमी दाबाचा एखादा मोठा पट्टा डोंगरावरून सरकतो आणि दोन-दोन दिवस सगळं झाकोळून टाकतो. ही दोन प्रकरणं वेगळी आहेत. रोजच्या दुपारच्या सरीला चुकवायचं तर पहाटे लवकर निघालं की भागतं. मोठा पट्टा येत असेल तर दिवसच बदलावा लागतो. समोर यातलं नेमकं कोणतं आहे हे ओळखणं, हे आठवडाभराच्या डोंगरभटकंतीतलं मुख्य काम.

आणि तयारी करताना बहुतेक जण आधी पावसाचा आकडा बघतात. वाऱ्याचा बघा. भिजत चालता येतं. उघड्या धारेवर ताशी ७० किलोमीटरच्या झोतात पाऊल जिथे टाकायचं तिथे पडत नाही.

अंदाज कसा वाचायचा

पहिल्या तीन दिवसांच्या अंदाजावर बेत आखता येतो. चौथ्या-पाचव्या दिवसाचा अंदाज धाकधूक ठेवून वाचायचा, सहाव्या-सातव्याचा म्हणजे नुसता कल. त्यामुळे वाटेतल्या सगळ्यात उंच आणि उघड्या टप्प्याला, मग ती खिंड असो, धार असो की शिखर, एकच तारीख बांधून टाकू नका. त्याच्यासाठी लागोपाठ तीन दिवस राखून ठेवा आणि त्यातला बरा निवडा. सात दिवसांत निदान दोन दिवस मोकळे नसतील तर तो बेत वसंतातला नाही, असं खुशाल समजा.

मग बघायचं ते हे, की अंदाज कोणत्या उंचीचा आहे. बहुतेक वेळा तो दरीतल्या गावाचा असतो. दर १००० मीटर चढाला सरासरी ६.५ अंश सेल्सियस वजा करा. गाव १८०० मीटरवर आणि तिथलं तापमान १४ अंश असेल, तर ३८०० मीटरच्या खिंडीत साधारण १ अंश. त्यात वारा धरा : हवा ० अंशाची आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल तर उघड्या कातडीला उणे ६ अंशांसारखा गारठा लागतो.

वाऱ्याचे दोन आकडे दिलेले असतात, सरासरी वेग आणि झोताचा वेग. बेत झोतावर आखा, कारण माणूस पडतो तो झोताने. वेग दुप्पट झाला की अंगावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे ३० आणि ६० मधला फरक कागदावर दिसतो त्याहून कितीतरी मोठा असतो. धारेवर ४० चे झोत त्रासाचे, ६० चे तोल घालवणारे, ८० ला रांगायची वेळ येते. पाठीवर मोठी सॅक असेल तर यातला प्रत्येक आकडा १० ने कमी धरा. सॅकचं वरचं टोपण आणि बाहेर बांधलेली मॅट शिडासारखी वारा धरतात. दरीतल्या गावाचा वाऱ्याचा आकडा खिंडीसाठी वापरणं ही नेहमीची चूक. खिंडीत वारा चिमटीतून जातो आणि खालच्यापेक्षा सहज दुप्पट होतो. नकाशावर वेगवेगळ्या दाबाच्या पातळीचे वारे बघायची सोय असेल, तर ८५० हेक्टोपास्कल (हे हवेच्या दाबाचं माप) म्हणजे साधारण १५०० मीटर, ७०० म्हणजे ३००० आणि ५०० म्हणजे ५५०० मीटर उंची, हे लक्षात ठेवा.

तिसरा आकडा शून्य अंशाच्या पातळीचा, म्हणजे ज्या उंचीवर हवा शून्य अंशाला पोचते तिचा. बर्फ त्या पातळीच्या साधारण २०० ते ३०० मीटर खालपर्यंत पडतो. जोराची सर असेल तर आणखी खाली, कारण वितळणारा बर्फच हवा गार करत येतो.

मुक्कामी दाब बघणं

अंदाज मिळणं बंद झालं की हाताशी राहतं ते घड्याळातलं बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र. घड्याळ उंची काढतं ती या दाबावरूनच. मुक्कामाला पोचलात की उंचीचा आकडा टिपून ठेवा. सकाळी त्याच जागी, तंबूतून न हलता, पुन्हा बघा. तुम्ही हललेला नसताना उंची वाढलेली दिसत असेल तर दाब उतरलाय. दोन-तीन हजार मीटरवर १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १० ते ११ मीटर. १०-१५ मीटरचा फरक सोडून द्या, दिवसभरात दाब तेवढा आपसूक वरखाली होतो. ४० मीटरचा फरक म्हणजे ४ हेक्टोपास्कलची घसरण, आणि ती एका रात्रीत झाली असेल तर त्या दिवशी धारेवर जायचं नाही. दर वेळी एकाच ठरलेल्या वेळेचे आकडे ताडून बघितले तर उत्तम.

इथे एक खोच आहे. पुष्कळ घड्याळं उपग्रहाच्या मदतीने उंची आपोआप दुरुस्त करतात. मग रात्रभरात उतरलेला दाब सकाळी कुठेच दिसत नाही, कारण घड्याळाने तो गिळून टाकलेला असतो. मुक्कामी ही आपोआप दुरुस्ती बंद करा किंवा घड्याळ बॅरोमीटरवर लावा. ज्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर नाही, त्याच्या उंचीच्या आकड्यावरून हवेचं काहीही कळत नाही.

आभाळ

मोठा पट्टा सहसा सांगून येतो. आधी फार उंचावर पिंजलेल्या कापसासारखे तंतू, मग सगळ्या आभाळावर पातळ दुधी पडदा, आणि सूर्याला किंवा चंद्राला खळं, म्हणजे भोवती गोल कडं. हे खळं मोठं असतं. अंगठ्याने सूर्य झाकून हात लांब केला आणि पंजा ताणला, तर करंगळीचं टोक जवळपास कड्यावर येतं. चंद्राला अगदी चिकटून दिसणारं लहान रंगीत वलय वेगळं. ते पाण्याच्या थेंबांचं असतं आणि त्यावरून एवढा अंदाज बांधता येत नाही. मोठं खळं पडलं, पडदा दाट होत गेला आणि सूर्य घासलेल्या काचेमागून दिसावा तसा झाला, तर पुढच्या १२ ते २४ तासांत पाऊस-बर्फ धरून चाला. नुसतं खळं पडून विरलं तर काही नाही.

खालचे आणि वरचे ढग वेगवेगळ्या दिशांनी जात असतील तर आणखी एक ताळा करता येतो. दरीतल्या झुळकीकडे दुर्लक्ष करा, ती डोंगराच्या वळणाने वाहते. खालचे ढग जिकडून येताहेत तिकडे पाठ करून उभे राहा. सगळ्यात उंचावरचे ढग डावीकडून उजवीकडे सरकत असतील तर हवा बिघडणार, उजवीकडून डावीकडे असतील तर सुधारणार. हे उत्तर गोलार्धासाठी, दक्षिणेत उलट.

शिखराजवळ भिंगाच्या आकाराचा, गुळगुळीत कडांचा ढग एकाच जागी तासन् तास दिसला तर फसू नका. ढग जागचा हलत नाही, पण त्यातून वारा सुसाट वाहत असतो. खाली ऊन आहे, पान हलत नाही आणि वर असा ढग आहे, अशा दिवशी धारेवर हमखास मार बसतो.

रोजच्या दुपारच्या ढगांसाठी घड्याळ बघा. कापशी ढग सकाळी दहाच्या आतच रुंदीपेक्षा उंच व्हायला लागले तर दुपारपर्यंत विजा धरा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर धार, सुटं झाड आणि उथळ गुहेचं तोंड सोडा, खाली उतरा, एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जायचं नाही.

बर्फ आणि ओढे

वसंतातल्या बर्फाचं सगळं गणित आदल्या रात्रीच्या आभाळावर ठरतं. रात्र निरभ्र असेल तर बर्फ गोठून कडक होतो आणि सकाळी त्यावरून चालता येतं. ढगाळ रात्री उष्णता वर निसटत नाही. बर्फ गोठतच नाही आणि पहाटे पाचलाही पाय मांडीपर्यंत आत जातो. तेव्हा रात्री दोनदा डोकं बाहेर काढून तारे दिसतात का ते बघा. पहाटे बुटाची टाच जोरात मारून खूण पाहा : जेमतेम ओरखडा उठला तर निघा, घोटा बुडला तर उतारावर जाऊच नका. गोठलेल्या कडक उतारावर उलट घसरण्याचा धोका असतो. तिथे क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार दाते) आणि आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) वापरता येत असेल तरच जा. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनं सर्वाधिक होतात. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे. वाट त्या क्रमाने उरकत जा. चेंडूसारखे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की त्या उतारावरचा वेळ संपला.

वितळलेल्या बर्फाचे ओढे पहाटे सगळ्यात कमी आणि दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त भरतात. संध्याकाळी काठावर, पाण्याच्या कडेला, एक काडी रोवून ठेवा. सकाळी पाणी काडीपासून किती मागे गेलं ते दिसेल. न हटलेलं पाणी म्हणजे रात्री वर वितळणं किंवा पाऊस चालूच होता. ओलांडताना ओढा जिथे पसरून फाटे फुटतात ती जागा घ्या, सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पाणी जिकडून येतं तिकडे तोंड ठेवा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा.

वाऱ्यात तंबू

जागा दरीच्या अगदी तळाशी नको. सूर्य मावळला की गार हवा उतारावरून ओघळून तिथे साचते, आणि संध्याकाळी ज्या दिशेचा वारा बघून तंबू लावला त्याच्या उलटा वारा रात्री वाहू लागतो. तळापासून २०-३० मीटर वरचा सपाट टप्पा बघा. मोठ्या खडकाच्या अगदी लगत लावू नका. कडेवरून वळसा घेणारा वारा तिथे भोवरे करतो.

तंबू पिशवीतून काढण्याआधी दांड्या जोडून ठेवा. मग तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे करून त्या बाजूच्या दोन खुंट्या आधी ठोका आणि सॅक आत टाका. त्यानंतरच दांड्या घाला. हा क्रम चुकला की उभा तंबू पतंगासारखा जातो, आणि दांडी वाकते ती याच अर्ध्या मिनिटात. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं आणि दोरीशी काटकोनात असावं, पूर्ण जमिनीत. दोऱ्या लांब आणि जमिनीच्या जवळून ताणा. जमीन खुंटी धरत नसेल तर दोरी आडव्या काडीला बांधा, काडी जमिनीवर टेकवा आणि तिच्यापुढे जड दगड रेटून ठेवा. मऊ बर्फात बर्फाने गच्च भरलेली पिशवी ३० सेंटिमीटर खोल पुरून वरून तुडवा, तिला दोरी बांधा, अर्ध्या तासात ती पक्की होते.

नायलॉनचं कापड ओलं झालं की सैल पडतं. झोपण्याआधी सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा, नाहीतर फडफड रात्रभर चालते आणि शिवण तिथेच उसवते. आडोशाच्या बाजूचा झरोका उघडा ठेवा. बंद केला तर सकाळी आतून पाणी ठिबकतं आणि तंबू गळतोय असा उगाच संशय येतो.

स्टोव्हच्या गॅसचं बघून घ्या. साधं ब्यूटेन उणे ०.५ अंशाच्या खाली वायू होतच नाही, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपासपर्यंत चालतं. गोठणाऱ्या रात्रींसाठी आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचं नळकांडं घ्या आणि रात्री ते स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा. फोनची बॅटरीही तिथेच.

चढाईचा दिवस

मोठा पट्टा सरकून गेला की आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि सगळ्यांना लगेच निघावंसं वाटतं. पण मागचा वारा बऱ्याचदा आणखी १२ ते २४ तास जोरात असतो, आणि नव्या बर्फावर पहिल्यांदा ऊन पडतं तोच दिवस हिमस्खलनाचा. एक दिवस जाऊ द्या, एक निरभ्र रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या पहाटे निघा.

खिंडीच्या माथ्याच्या ५० मीटर खाली, अजून आडोसा असताना थांबा. घाम आला असेल तरी विंडचीटर, टोपी, हातमोजे तिथेच चढवा, चेन गळ्यापर्यंत ओढा, सॅकचे लोंबते पट्टे खोचा, दोन घास खा, नकाशा बघून घ्या. माथ्यावर हातमोजा काढला की तो हातात राहत नाही, उघडलेलं जॅकेट वाऱ्यात पुन्हा अंगात जात नाही, आणि बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. उतरायचं कुठल्या बाजूने, हेही खालीच बोलून घ्या.