मातीविना गाजर-मुळा: पाण्याची पातळी कशी राखावी

पालेभाजी पाण्यावर तरंगत्या तक्त्यावरही चांगली येते. गाजर, मुळा आणि बीट यांचे मात्र तसे नाही. यांचे मूळ हाच आपला खाण्याचा भाग असल्याने, ते पोसत असताना त्याला पाण्याइतकीच हवाही मिळायला हवी. म्हणून मुळाचा फुगणारा भाग ओलसर, पण साचलेल्या पाण्याच्या वर राहील अशी व्यवस्था करावी.

किमान 40 सेंटिमीटर खोल टब घ्यावा आणि त्याच्या बाजूला तळापासून 15, 10 व 5 सेंटिमीटरवर भोके पाडून त्यांना बुचे बसवावीत. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा, दोन-तीन पाण्यांत धुवून त्यातले क्षार काढावेत आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) मिसळून टब भरावा. बी थेट टबातच पेरावे, कारण गाजराचे रोप उपटून लावले की मूळ वाकडे होते. पेरणीवेळी फक्त वरचे बूच काढलेले असावे, म्हणजे त्या भोकाच्या वरचे पाणी वाहून जाते; उगवण होईपर्यंत पाणी वरून झारीने द्यावे. दोन-तीन खरी पाने फुटताच मधले बूच आणि मूळ जाड होऊ लागताच खालचे काढावे. पाणी असे टप्प्याटप्प्याने खाली नेले की सोटमूळ ओलीच्या मागे सरळ खाली जाते.

पहिल्या वर्षी श्रावणात आमच्या गच्चीवरच्या टबाचे भोक कोकोपीटच्या धाग्यांनी बुजले आणि दोन दिवस पाणी वरपर्यंत उभे राहिले. पुढे उपटलेल्या गाजरांचे शेंडे तपकिरी, बुळबुळीत झाले होते आणि वरच्या भागाला दोन-तीन फाटे फुटले होते. तेव्हापासून भोकाच्या आतून जाळी लावतो आणि रोज सकाळी काडी घालून पाहतो. कोल्हापूरच्या पावसात उघड्या टबात पातळी तर वाढतेच, शिवाय द्रावणातली, म्हणजे पाण्यात विरघळवून दिलेली, खतेही वाहून जातात. त्यामुळे गाजर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात पेरणेच मला योग्य वाटते. थंडीत त्याला रंगही चांगला येतो. मुळा दीड महिन्यात निघतो, बिटालाही हीच पद्धत चालते.

द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 5.8 ते 6.5 ठेवावा. उन्हाने पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, म्हणून टबावर पांढरे कापड गुंडाळावे.

ओल नेमकी आहे का, हे हाताने कळते: मूठभर कोकोपीट दाबल्यावर एक-दोन थेंबच गळावेत. टब सुकू देऊन मग एकदम भरल्यास पोसलेले मूळ उभे तडकते, त्यामुळे काढणीआधीच्या आठवड्यात पातळी मुळीच वाढवू नये.