एमबीएची तयारी करताना लॅपटॉप घ्यायचा तर कधी आणि कसला

माझं मत सरळ आहे: जुन्या लॅपटॉपवर भागत असेल, तर प्रवेश पक्का होईपर्यंत नवा घेऊ नका. बऱ्याच बिझनेस स्कूल प्रवेश मिळालेल्यांना लॅपटॉप कसा असावा ते स्वतःच कळवतात. शिवाय विद्यार्थी म्हणून मिळणारी सवलतही तोवर हाताशी आलेली असते.

अपवाद एकच, जीमॅट ही एमबीए प्रवेशाची परीक्षा घरून देणाऱ्यांचा. त्याला विंडोज किंवा मॅकच लागतो. क्रोमबुक, लिनक्स, टॅबलेट चालत नाहीत आणि जास्तीचा मॉनिटर जोडता येत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर भिस्त ठेवूच नका. माझ्याकडे ऑफिसचा उत्तम लॅपटॉप होता, पण साधा प्रिंटर जोडायचा तरी आयटीवाल्यांच्या विनवण्या. परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यावर चालणार कुठून? कंपनीचं फायरवॉल आणि व्हीपीएन त्याला हमखास आडवे येतात. म्हणून मी स्वतःचा घेतला.

घेताना १६ जीबी रॅम बघा. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेजला ५१२ जीबी एसएसडी पुरते. वेगळं ग्राफिक्स कार्ड? गेम खेळायचे असतील तर घ्या, पण त्याला एमबीएचं निमित्त करू नका. स्क्रीन मात्र १४ इंची आणि जरा उभट, म्हणजे १६:१० ची घ्या. जीमॅटच्या डेटा इनसाइट्स विभागात ४५ मिनिटं तक्ते आणि आलेख वाचायचे असतात. बुटक्या स्क्रीनवर वर-खाली सरकवण्यातच जीव जातो.

मॅक की विंडोज? फायनान्सकडे जायचं असेल तर मी विंडोज म्हणेन. मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठा डेटा जोडून तपासायची सोय) नाही आणि आल्ट दाबून भराभर चालवायचे शॉर्टकट तिथे तसे चालत नाहीत. मार्केटिंगवाल्यांनी हवा तो घ्यावा. एआरएम चिपचा (म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरचा) विंडोज लॅपटॉप स्वस्तात दिसला, तर परीक्षेचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी बघा. जुना विंडोज १० वाला मिळत असेल, तर त्यावर ११ चढतं का ते विचारा. १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

कॅमेऱ्यापेक्षा माइक आणि पंख्याचा आवाज तपासा. व्हिडिओ मुलाखतीत चेहरा थोडा धूसर दिसला तरी चालतं. घरघर ऐकू आली की समोरच्याचं लक्ष उडतं.

परीक्षेच्या निदान महिनाभर आधी खरेदी उरका. जीमॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन पूर्ण सराव परीक्षा फुकट मिळतात. त्यातली एक पहिल्याच आठवड्यात याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर द्या आणि परीक्षेची सिस्टिम टेस्टही (लॅपटॉप आणि इंटरनेट परीक्षेला चालतील का, ही तपासणी) तिथेच चालवा. काही कुरबुर निघालीच, तर लॅपटॉप बदलून घ्यायची मुदत अजून हातात असेल.