नव्या गावात, नव्या चर्चमध्ये पहिला रविवार

बदलीच्या नोकरीत मी सात गावं पाहिली. प्रत्येक गावात एक रविवार असा आला, की चर्चच्या फाटकाशी उभा राहून मी आत जावं की परत फिरावं याचा विचार करत होतो. जन्मानं ख्रिस्ती असून माझी ही गत. मग मैत्रिणीच्या आग्रहाखातर किंवा नुसत्या कुतूहलापोटी जाणाऱ्याचं काय होत असेल! खरं सांगायचं तर त्या दीड-दोन तासांत अवघडायच्या जागा तीनच असतात. एक अर्पणाची थैली, दुसरी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) आणि तिसरी म्हणजे ‘आज कुणी नवीन आलंय का?’ हा प्रश्न. तिथे काय करायचं ते ठाऊक असलं, की बाकीचं शेजाऱ्याकडे बघून निभावतं.

आधी पाटी वाचून या

शक्य असेल तर दोन दिवस आधी चर्चवरून एक चक्कर मारा आणि पाटी नीट वाचा. पाटीवर पंथ कळतो आणि वेळही कळते.

‘सी.एन.आय.’ म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. सहा निरनिराळ्या पंथपरंपरा एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात हे चर्च स्थापन झालं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या (मंडळी म्हणजे एका चर्चमधला उपासकांचा समुदाय) त्यात आहेत. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र त्यात गेले नाहीत, म्हणून त्यांची पाटी आजही वेगळी दिसते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला मिस्सा म्हणतात, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते. पाटीवर ‘सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट’ असेल तर रविवारी जाऊच नका, कुलूप दिसेल. त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, शनिवारी असतो.

वेळेसमोर भाषा लिहिलेली असते, तीही वाचा. पुण्या-मुंबईत एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, मग मराठी आणि संध्याकाळी तमिळ किंवा मल्याळम उपासना असं चालतं. मी एकदा वेळ तेवढी पाहिली आणि भाषा पाहायची राहिली. पहिल्या गीताला चूक कळली, पण दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली, उठणार कसा? पावणेदोन तास तमिळ ऐकलं. ‘आमेन’ तेवढं बरोबर म्हणालो.

कपडे, चपला, वेळ

लग्नाला नाही, पण शाळेच्या पालकसभेला जाताना जसे कपडे घालता तसे घाला. पांढरंच हवं असा नियम नाही. बायकांनी जवळ ओढणी ठेवावी. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घ्यायची रीत अनेक मंडळ्यांत आहे. घेतला नाही म्हणून कुणी बोलणार नाही, पण सगळ्या जणी पदर घेतात तेव्हा आपणच चाचपडतो.

चपलांचं दारातच कळेल. बाकं असलेल्या जुन्या चर्चमध्ये बहुधा घालूनच आत जातात. सतरंजीवर बसायचं असेल, घरातली संगती (कुणाच्या घरी भरणारी प्रार्थनासभा) असेल किंवा दाराशी जोड्यांचा ढीग दिसत असेल, तर काढायच्या.

दहा मिनिटं आधी पोचा. फार आधी गेलात तर शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला असंच म्हणतात) पोरं बाहेर पडत असतात आणि त्या गलक्यात तुमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

बसायचं कुठे

शेवटून तिसऱ्या-चौथ्या बाकावर. अगदी शेवटचं बाक उशिरा येणाऱ्यांचं आणि तान्ह्या मुलांच्या आयांचं. पुढे बसलात तर कधी उठायचं आणि कधी बसायचं हे बघायला पुढे कुणी उरत नाही. खेड्यातल्या मंडळीत एका बाजूला बाया आणि दुसरीकडे बाप्ये बसतात, तेव्हा बसण्याआधी मान वळवून बघून घ्या. नवराबायको असाल तर तेवढा वेळ ताटातूट सोसा.

कॅथलिक चर्चमध्ये बाकांना गुडघे टेकायला फळी असते. तिच्यावर पाय ठेवू नका. दाराशी पवित्र पाण्याचं पात्र असतं. लोक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. तुम्ही कॅथलिक नसाल तर तसं करायची गरज नाही.

गाणी आणि पुस्तकं

मला विचाराल तर मराठी उपासनेतला सगळ्यात सुंदर भाग हाच. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक चालतं आणि त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण कान वारकऱ्याचेच राहिले. त्यामुळे पेटी-तबल्याच्या साथीनं ख्रिस्ताचा अभंग सुरू झाला, की पहिल्यांदा आलेला माणूस चमकतो: अरे, हे तर आपलंच! त्याच पुस्तकात विलायती चालीची गीतंही असतात, ती संथपणे चालतात. गीताचा क्रमांक सांगितला जातो. पुस्तक नसेल तर शेजारचा आपलं मधोमध धरतो, तेव्हा संकोच न करता दुसरी कड धरा. गायला आलं नाही तरी उभे राहा.

शास्त्रपाठाच्या वेळी पानं उलटताना भले भले घाबरतात. त्यावर सोपा तोडगा आहे. पवित्र शास्त्र (बायबल) बरोबर मध्यावर उघडलं तर बहुतेकदा स्तोत्रसंहिता लागते. मत्तय, मार्क, लूक, योहान ही शुभवर्तमानं नव्या करारात, म्हणजे मागच्या चतुर्थांशाच्या सुरुवातीला. तेवढं सापडलं तरी पुरे, नाहीतर नुसतं ऐका.

प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) सगळे एकत्र म्हणतात. ज्यावर तुमचा विश्वास नाही ते म्हणू नका, शांत उभं राहणं पुरेसं आहे. मिस्सामध्ये एके ठिकाणी एकमेकांना शांती द्यायची असते. बऱ्याच ठिकाणी लोक शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात. भारतीय कॅथलिक चर्चनं ही नमस्काराची रीत १९६९ साली रोमच्या परवानगीनं स्वीकारली. तुम्हीही हात जोडा.

पेंटेकॉस्टल सभेत यातलं थोडंच लागू पडतं. तिथे टाळ्या, ड्रम, हात वर करून एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना, कधी अन्य भाषा (प्रार्थनेच्या भरात तोंडून येणारे, ऐकणाऱ्याला न कळणारे शब्द), असं सगळं असतं. आवाजाला दचकू नका. कुणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू का, असं विचारलं आणि नको असेल तर ‘आज नको’ म्हणा, तेवढ्यावर भागतं.

थैली

गीत चालू असताना कापडी थैली किंवा ताट फिरतं. हे अर्पण मंडळीच्या माणसांनी द्यायचं. पाहुण्यावर त्याची सक्ती नसते. द्यावंसं वाटलं तर दहा-वीसची नोट आधीच वरच्या खिशात ठेवा. द्यायचं नसेल तर थैली शांतपणे पुढे सरकवा. सुटे मागू नका. (एका गृहस्थांना थैलीतून ऐंशी रुपये परत घेताना मी पाहिलंय.)

प्रभुभोजन

इथे मात्र जपून. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं, मिस्सामध्ये दर वेळी. भाकर आणि द्राक्षारस म्हणजे प्रसाद नव्हे. प्रसाद नाकारू नये ही आपली सवय, म्हणून हिंदू मित्र भाबडेपणानं रांगेत उभे राहतात. कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तशरीर (ती भाकर) कॅथलिकांनीच घ्यायचं असतं. प्रॉटेस्टंट मंडळीत कुणी घ्यावं हे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) बहुधा आधी सांगतात; साधारणपणे बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी आपला विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालेल्यांनी. शंका असेल तर बसून राहा आणि बाकावरच्यांना पुढे जायला गुडघे आवरून वाट द्या. का गेला नाहीत, असं कुणी विचारत नाही. मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी या पंथात) हा विधीच नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

‘आज कुणी नवीन आलंय का?’

जाहिरातींच्या वेळी (म्हणजे सूचना, मंडळीत त्यांना जाहिरातीच म्हणतात) हा प्रश्न येतो. लपून उपयोग नाही, शेजारची मावशी तुमच्याकडे बघून हसलेली असते. उभं राहून तीन वाक्यं बोला: नाव, गाव, इथे कशासाठी आलात. ख्रिस्ती असाल तर चौथं, मूळ मंडळी कोणती. ख्रिस्ती नसाल तर ‘पाहायला आलोय’ एवढं खुशाल सांगा. ‘जय ख्रिस्त’ म्हणून सुरुवात केलीत तर टाळ्या थोड्या जोरात पडतील, पण मनातून येत नसेल तर नमस्कार चालतो.

मग चहा

आशीर्वाद झाल्यावर लगेच सटकू नका. पाळक दाराशी उभे असतात. पाळकांना ‘पाळकसाहेब’, कॅथलिक धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणा. चहा असेल तर घ्या. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. आता फक्त आडनावावरून गाव ओळखण्याची चौकशी होते. तीही लांबते. नगरकडचे असाल तर कुणीतरी नात्यातलं निघतंच.

त्याच मंडळीत सामील व्हायचा विचार असेल, तर पहिल्याच रविवारी बोलू नका. तीन-चार रविवार जा, मग पंच कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) सेक्रेटरींना सभासदत्वाबद्दल विचारा. जुन्या पाळकांचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला ते मागतात, म्हणून बदलीची ऑर्डर हातात पडताच ही दोन कागदं जुन्या गावातून घेऊन ठेवा. नंतर मागवायला दोन महिने लागतात.