उतारवयातील मांजर: वागण्यातील बदल कसे ओळखावेत

मांजर म्हातारे झाले की ते जास्त झोपते, कमी खेळते आणि चिडचिडे होते, असे आपण सहज बोलून जातो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. पण तिच्या आडोशाला उपचार होण्यासारखी अनेक दुखणी महिनोन्‌महिने राहून जातात. म्हणून वागण्यातल्या कोणत्याही नव्या बदलाला ‘वय झाले’ हे उत्तर सर्वांत शेवटी द्यावे, बाकीची कारणे तपासून संपल्यावर. मांजर दुखणे अंगावर काढण्यात पटाईत असते. ते शिकारी असले तरी आकाराने लहान असल्यामुळे स्वतःही कोणाची तरी शिकार होऊ शकते, आणि लंगडणारा प्राणी आधी हेरला जातो. त्यामुळे वेदना लपवणे त्याच्या स्वभावातच मुरलेले आहे. कण्हणे, लंगडणे अशा ठळक खुणांची वाट पाहत बसलो तर फार उशीर होतो. त्याआधी बदलतात त्या सवयी.

पशुवैद्यकात साधारणपणे ७ ते १० वर्षांच्या मांजराला प्रौढ आणि १० वर्षांपुढच्या मांजराला ज्येष्ठ मानतात. चांगली निगा राखलेली मांजरे १५ वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात, म्हणजे आयुष्याचा बराच मोठा हिस्सा या ज्येष्ठपणात जातो. माणसाच्या मानाने या वयात बदलही वेगाने होतात, म्हणूनच ज्येष्ठ मांजराची तपासणी वर्षातून एकदा नव्हे, तर दर सहा महिन्यांनी करावी असा सल्ला दिला जातो.

आधी नोंद, मग निष्कर्ष

‘बदल’ हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतो, आणि इथे तुलना शेजारच्या मांजराशी नव्हे, तर आपल्याच मांजराच्या कालपरवाच्या वागण्याशी करायची आहे. जे मांजर जन्मभर पाहुणे आले की पलंगाखाली दडते, त्याचे दडणे ही काळजीची बाब नाही. जे दारात येऊन उभे राहते, त्याने दडायला सुरुवात केली तर ती आहे. म्हणून मांजर धडधाकट असतानाच एका वहीत साध्या गोष्टी लिहून ठेवाव्यात: ते कुठे झोपते, कोणत्या उंचीवर एका झेपेत जाते, पाण्याचे भांडे दिवसात किती रिकामे होते, लिटर ट्रेमध्ये (शौचासाठी ठेवलेल्या, दाणेदार लिटर भरलेल्या ट्रेमध्ये) लघवीने घट्ट झालेले लिटरचे गोळे किती आणि केवढे निघतात, जेवण किती वेळात संपवते आणि हाक मारली की काय करते.

वजनाची नोंद मात्र अंदाजाने करू नये. लांब केसांच्या मांजराचे वजन उतरलेले डोळ्यांना कळत नाही. हात फिरवल्यावर पाठीच्या कण्याचे मणके टोचू लागतात तेव्हा कुठे ते जाणवते, आणि तोवर स्नायूही बरेच झडलेले असतात. तान्ह्या बाळांसाठी मिळणारा वजनकाटा असेल तर उत्तमच. ४ किलोच्या मांजराचे वजन ४०० ग्रॅमने घटणे म्हणजे दहा टक्के घट. ६० किलोच्या माणसाचे वजन विनाकारण ६ किलोने उतरले, तर आपण ते थंडीवर किंवा वयावर ढकलणार नाही.

फोनवर छोटे व्हिडिओ काढून ठेवणे फार उपयोगी पडते. दवाखान्यात भेदरलेले मांजर एक तर टेबलावर थिजून बसते किंवा बोचकारते. घरात ते कसे चालते, कसे चढते आणि रात्री कोणत्या सुरात ओरडते, हे पशुवैद्यांना तिथे दिसूच शकत नाही.

उडी, अंघोळ आणि नख्या

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सांध्यांच्या दुखण्याकडे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांहून मोठ्या १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले गेले, तेव्हा त्यांतल्या ९० मांजरांच्या सांध्यांमध्ये झीज आढळली होती. एक्स-रेमध्ये झीज दिसणारे प्रत्येक मांजर वेदनेत असतेच असे नाही, पण एवढा आकडा पाहिल्यावर वयस्क मांजराच्या बाबतीत संधिवाताची शक्यता गृहीत धरून चालणेच शहाणपणाचे. हे मांजर सहसा लंगडत नाही, कारण झीज बहुधा दोन्ही बाजूंच्या सांध्यांत सारखीच असते आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकून काही साधत नाही.

त्यामुळे पाहायची ती उडी. निरोगी मांजर पलंगाशी आले की क्षणभर दबते आणि एका झेपेत वर जाते. सांधे दुखणारे मांजर पलंगापाशी येऊन थांबते, वर पाहते, मागचा भाग इकडेतिकडे हलवते, विचार बदलल्यासारखे दूर जाते आणि परत येते. मग पुढचे पंजे वर टेकवून, चादरीत नख्या रुतवून स्वतःला ओढून घेते. उतरताना ते पुढचे पाय पलंगाच्या कडेवरून जमेल तितके खाली सरकवते आणि अगदी शेवटी अंग सोडते. काही आठवड्यांनी ते पलंगावर जाणेच बंद करते आणि घरातले म्हणतात, ‘हल्ली त्याला जमिनीवर गार वाटते.’

दुसरी खूण अंगावरच्या केसांत असते. मांजर स्वच्छतेचे वेडे असते, पण कंबर आणि शेपटीचा बुंधा चाटायचा तर पाठ पुरती वळवावी लागते. पाठ वळेनाशी झाली की नेमक्या तेवढ्याच भागावरचे केस तेलकट, पिंजारलेले दिसू लागतात आणि त्यात गुंता होतो. उलट, एकाच सांध्यावर सतत चाटून केस विरळ झाले असतील तर तिथे दुखत असण्याचा संभव असतो. नख्याही पाहाव्यात. खांबाला किंवा सोफ्याला नख्या घासणे कमी झाले की त्यांची जुनी टरफले गळत नाहीत, त्या जाड होतात, चालताना फरशीवर टकटक वाजतात आणि सतरंजीत अडकतात. लक्ष दिले नाही तर वळून पंजाच्या गादीत शिरतात. कंबरेला हात लावताच फिस्कारणारे मांजर तुसडे झालेले नसते, त्याला तिथे हात नको असतो.

चेहऱ्यावरूनही वेदना वाचता येते. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: कानांची ठेवण, डोळ्यांचे मिटलेपण, तोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या मानाने डोक्याची उंची. बाजूला फिरलेले चपटे कान, अर्धवट आवळलेले डोळे, ताठ मिशा आणि खाली गेलेले डोके असे सारे एकत्र दिसले तर मांजर ‘निवांत बसले आहे’ असे समजू नये. ही मोजपट्टी मुख्यतः अचानक उद्भवलेल्या वेदनेसाठी आहे. जुनाट सांधेदुखीत उडीचे निरीक्षणच अधिक बोलके ठरते.

ट्रेबाहेर लघवी

याला हट्ट किंवा सूड म्हणणे सोडून द्यावे. आधी ट्रेची कड किती उंच आहे ते पाहावे. मांजराचे पुढचे पाय ट्रेत, पण मागचे बाहेर, आणि लघवी कडेच्या पलीकडे, असे होत असेल तर कड ओलांडणे त्याला जड जात आहे. एका बाजूने खोलगट कापलेली ट्रे, मऊ बारीक लिटर आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर एक ट्रे, एवढ्याने पुष्कळ घरांतला प्रश्न सुटतो. गोळे मोठे आणि संख्येने जास्त निघत असतील, पाण्याचे भांडेही लवकर रिकामे होत असेल, तर मात्र मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह आणि थायरॉइडचा विकार या तिन्हींची तपासणी करून घ्यावी. बोका पुन्हापुन्हा ट्रेत बसून कुंथतो आहे आणि लघवीचा थेंबही येत नाही, अशी स्थिती दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबणे हे एक-दोन दिवसांत जिवावर बेतते.

भूक, वजन आणि तोंड

वजन घटते आहे पण भूक वाढली आहे, हे चित्र अनेकांना दिलासा देते. खरे तर ते थायरॉइडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करत असल्याचे सर्वांत परिचित लक्षण आहे, आणि हा विकार मुख्यतः १० वर्षांपुढच्या मांजरांमध्ये दिसतो. असे मांजर अस्वस्थ असते, अन्न मागत मागेमागे फिरते, ओरडते, कधी ओकते आणि त्याच्या छातीचे ठोके जलद पडतात. ‘या वयातही किती तरतरीत आहे’ असे ज्याचे कौतुक चालले आहे, ते मांजर आजारी असू शकते. रक्तातील टी-४ या थायरॉइडच्या संप्रेरकाच्या तपासणीने निदान होते आणि औषध, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया असे परिणामकारक उपाय आहेत. मात्र वाढलेले थायरॉइड मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा वाढवून तिथला बिघाड झाकून ठेवते, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर मूत्रपिंडांची पुन्हा तपासणी करणे आवश्यक असते.

भांड्यापाशी येऊन, हुंगून, परत फिरणारे मांजर चोखंदळ झाले असे म्हणण्यापूर्वी त्याचे तोंड तपासून घ्यावे. दात दुखणारे मांजर घास एका बाजूने चावते, मध्येच तोंडातून टाकते, डोके वाकडे करते किंवा कोरडे दाणे सोडून फक्त मऊ अन्न खाते. मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यांना कळवावे. काही दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून गंभीर आजार होऊ शकतो.

रात्रीचे ओरडणे

मध्यरात्री घरभर फिरत लांब, खोल सुरात ओरडणारे मांजर पाहून आता बहुतेकांना स्मृतिभ्रंश आठवतो. तो असतो, यात शंका नाही. एका प्रसिद्ध अंदाजानुसार ११ ते १४ वर्षांच्या सुमारे २८ टक्के मांजरांत आणि १५ वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक मांजरांत मेंदूच्या अशा ऱ्हासाशी जुळणारे किमान एक तरी लक्षण आढळते, आणि वृद्ध मांजरांच्या मेंदूत माणसाच्या अल्झायमरमध्ये दिसणारे अमायलॉइड प्रथिनही सापडले आहे. परंतु या विकाराचे निदान करणारी एकच एक चाचणी नाही. बाकीची कारणे वगळत वगळतच तिथे पोहोचावे लागते.

ती कारणे थोडी नाहीत. थायरॉइडचा उल्लेख वर आलाच. वाढलेला रक्तदाब हे दुसरे, आणि तो बहुधा मूत्रपिंडाच्या किंवा थायरॉइडच्या विकाराबरोबर येतो. वरचा दाब वारंवार १६० च्या पुढे भरत असेल तर उपचारांचा विचार करावा लागतो, कारण त्याने डोळ्याचा पडदा सुटून मांजर एकाएकी आंधळे होऊ शकते. भेदरलेल्या मांजराचा दाब खोटाच चढतो, म्हणून त्याला काही मिनिटे शांत बसू देऊन, रक्त काढण्याआधी तो मोजायला सांगावे. कमी ऐकू येणारे मांजर स्वतःचाच आवाज नीट ऐकत नसल्यामुळे मोठ्याने ओरडते. त्याच्या पाठीमागे उभे राहून चाव्यांचा जुडगा हलवला आणि कानही हलला नाही, तर अंदाज येतो. दृष्टी मंदावलेले मांजर अंधारात अडखळते. आणि काही वेळा ते नुसतेच भुकेले असते.

हे सारे वगळल्यावरही मांजर ओळखीच्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे पाहत राहत असेल, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभे राहून दार उघडण्याची वाट पाहत असेल, नुकतेच खाल्ल्याचे विसरून पुन्हा मागत असेल, दिवसभर झोपून रात्रभर फिरत असेल, तर मेंदूच्या ऱ्हासाचा विचार करणे रास्त ठरते. अशा मांजराच्या बाबतीत घराची मांडणी बदलू नये, जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवाव्यात, रात्री मंद दिवा लावावा, झोपण्यापूर्वी थोडे खेळवून थोडे खाऊ घालावे. ओरडल्याबद्दल रागावू नये. भांबावलेल्या जिवाला त्यातून फक्त भीती कळते.

पशुवैद्यांकडे जाताना

‘हल्ली बरे वाटत नाही’ असे सांगण्यापेक्षा काय बदलले, केव्हापासून आणि अचानक की हळूहळू, एवढे तीन मुद्दे वहीतून वाचून दाखवावेत. पूर्ण शारीरिक तपासणी, रक्त, लघवी, टी-४ आणि रक्तदाब एवढे तरी व्हावे. लघवीची तपासणी टाळू नये, कारण रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाचे बहुतांश काम थांबलेले असते. लघवी पातळ होणे आणि रक्तातील एसडीएमए (मूत्रपिंडांमार्फतच बाहेर पडणारा दुसरा एक पदार्थ) वाढणे या खुणा सहसा त्याआधी मिळतात. तोंड उघडून धापा टाकणे, एकाएकी आंधळे होणे, मागचे पाय लुळे पडणे आणि शांत झोपेतही श्वासांची गती सातत्याने मिनिटाला ३० च्या वर असणे, यांत वेळ दवडू नये.

माणसाचे वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने कदापि देऊ नये. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निष्प्रभ करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. मांजराच्या सांधेदुखीसाठी पशुवैद्यांकडे सुरक्षित पर्याय आहेत, त्यांत महिन्यातून एकदा देण्याचे फ्रुनेवेटमॅब हे इंजेक्शनही आहे.

उपचार सुरू झाल्यावर वही बंद करू नये. सुरुवातीचा व्हिडिओ आणि एक-दोन महिन्यांनंतरचा व्हिडिओ शेजारी ठेवून पाहिले, आणि मांजर पुन्हा एका झेपेत पलंगावर जात असेल, कंबरेवरचे केस पुन्हा नितळ झाले असतील, तर आळस म्हणून जे दिसत होते ते दुखणे होते हे नक्की समजावे आणि औषधाचे प्रमाण पशुवैद्यांना विचारल्याशिवाय कमी करू नये. काहीच फरक नसेल, तर तीच नोंद घेऊन परत जावे आणि पुढचे कारण शोधायला सांगावे. एकाच म्हाताऱ्या मांजराला सांधेदुखी, मूत्रपिंडाचा विकार आणि दातदुखी अशा तीनही गोष्टी असू शकतात, तेव्हा एक निदान झाले म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवण्याचे कारण नाही.