लाँगआर्मवर हात बसवताना: सरावाचा कपडा आणि ताण

लाँगआर्म या गोधडी शिवण्याच्या मोठ्या मशीनवर कापड चौकटीच्या रोलरांवर ताणलेले, जागेवर राहते आणि मशीनचे डोके फिरते, म्हणून घरच्या शिलाई मशीनची सवय इथे कामाला येत नाही. पहिला सराव चांगल्या गोधडीवर करू नका. मांजरपाटाचे दोन थर आणि मध्ये बॅटिंग (गोधडीत भरायचा मऊ थर) घ्या. अस्तर आणि बॅटिंग वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच मोठे हवे.

रोलरवर कापड ढोलासारखे ताणण्याचा मोह होतो, आणि बहुतेक अडचणी तिथेच सुरू होतात: टाके सुटतात, दोरा तुटतो. खालून बोट दाबल्यावर वरून ते चिमटीत धरता येईल, इतकी ढील ठेवा.

वर गडद आणि बॉबिनमध्ये फिका दोरा लावा. ताणातली चूक लगेच दिसते. वरचा दोरा मागे दिसला तर वरचा ताण वाढवा, बॉबिनचा दोरा वर आला तर कमी करा. ताणाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा. फक्त वळणांवर मागे पापण्यांसारखे दोरे दिसत असतील, तर आधी हाताचा वेग कमी करून पाहा.

टाके इंचाला १० ठेवा. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, नाहीतर मागे गुंता होतो. हँडल हलकेच धरा. आधी ओळीने मराठी 'ळ' गिरवा. त्यातले दोन्ही गोल सारखे येईपर्यंत नागमोडी नक्षीकडे वळू नका.