‘हे दोन बघ जरा’: संशोधन-नीतीचा तास नाटकातून

पूर्वी हा विषय मी स्लाईड दाखवून उरकायचे. बनावट आकडे, आकड्यांत फेरफार, वाङ्मयचौर्य, अशा तीन व्याख्या सांगितल्या की झालं. परीक्षेत सगळ्यांना पैकीच्या पैकी. मग प्रकल्पाच्या वह्या तपासायला घेतल्या, तर दोघांची रीडिंग्ज दशांशापर्यंत सारखी! तेव्हापासून नाटक.

प्रसंग अगदी छोटा घ्या. माझा ठरलेला असा: १२ रीडिंग्जपैकी दोन आलेखाच्या रेषेपासून लांब पडलीत आणि संशोधनाचा पेपर उद्या पाठवायचाय. पात्रं तीन: विद्यार्थिनी, गाईड आणि प्रयोगशाळेतला सीनियर. संवाद लिहून देऊ नका, मुलं पाठ करून म्हणून दाखवतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, इतरांना न दाखवण्याच्या अटीवर. तुम्हाला काय हवंय, कशाची भीती आहे आणि फक्त तुम्हालाच काय माहीत आहे, एवढंच त्यात असावं. गाईडच्या चिठ्ठीत मी लिहिते, ‘पुढचं अनुदान या पेपरवर अडलंय, दोघांचे पगार त्यातूनच होतात.’ सीनियरच्या: ‘त्या दिवशी उपकरण कॅलिब्रेट केलं होतं का, म्हणजे ते बरोबर मोजतंय याची खात्री केली होती का, तुम्हाला आठवत नाही.’ विद्यार्थिनीच्या: ‘रीडिंग पुन्हा घ्यायला नमुना उरलेला नाही.’

गाईडला खलनायक मात्र करू नका. ही चूक मी पहिल्या वर्षी केली. वर्ग पोट धरून हसला आणि आपण काही असे नाही, असं समजून घरी गेला.

पुढच्या वर्षी गाईड झालेल्या मुलानं चष्मा काढला, आलेखावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, “हे दोन बघ जरा.” बस्स. समोरची मुलगी “हो सर” म्हणाली आणि तिनं खोडरबर उचललं. नाटक थांबवल्यावर हा हट्टाला पेटला, “मी काढ म्हटलंच नव्हतं!” “मग ‘बघ’ म्हणजे काय करायचं होतं?” ती म्हणाली. उरलेला तास त्या एका शब्दावर भांडण्यात गेला. इतका चांगला तास मला स्वतःला कधी जमला नव्हता.

प्रवेश सात मिनिटांचा, चर्चा निदान पंचवीस मिनिटांची. एकाला मागे बसवून वाक्यं जशीच्या तशी टिपायला लावा, नाहीतर ‘मी असं म्हणालोच नाही’ सुरू होतं. ‘कोण चुकलं?’ हा प्रश्न टाळा. ‘कुठल्या वाक्यानंतर मागे फिरणं अवघड झालं?’ असं विचारा. मग भूमिकांची अदलाबदल करून तोच प्रवेश पुन्हा करा. खोडरबर उचलणारी गाईड झाली की काय बोलते ते ऐकण्यासारखं असतं.

रीडिंग वगळणं म्हणजे गुन्हाच, अशी समजूत घेऊनही मुलांना जाऊ देऊ नका. वगळता येतं. निकष आधी ठरलेला हवा, कारण वहीत हवं आणि पेपरात तसं सांगितलेलं हवं. मूळ नोंद खोडायची नाही. इथे मी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ यान हेंड्रिक शोन यांचं प्रकरण सांगते. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत गोंगाटाची रेघ, म्हणजे मोजमापात आपोआप येणारे वेडेवाकडे चढउतार, तीच निघाली. २००२ मध्ये चौकशी समितीनं २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन झाल्याचं म्हटलं. मूळ आकडे कुठे? तर संगणकात जागा नव्हती म्हणून पुसले. वर्ग हसतो. मग मी त्यांना आपापल्या वह्या उघडायला सांगते.

काही गोष्टींचं नाटक करू नये. अमेरिकेतल्या टस्कीगीचा वैद्यकीय अभ्यास त्यातलाच एक. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसतं निरीक्षण केलं गेलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. त्यांच्या दुःखाचा अभिनय करून शिकण्यासारखं काही नाही. त्यांना पाठवलेलं पत्र मात्र वाचायला लावते. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं होतं आणि पत्रात त्याला ‘खास मोफत उपचार’ म्हटलं होतं. हे पत्र खरं बोलून पुन्हा लिहा, असं सांगितलं की पेनं बराच वेळ हलत नाहीत.

शेवटी चिठ्ठ्या परत घ्या आणि प्रत्येकाला खऱ्या नावानं हाक मारून जागेवर पाठवा. गाईड झालेल्याला आठवडाभर ‘सर’ म्हणून चिडवतात, तेवढं आवरा. अभिनयाला गुण नाहीत. गुण फक्त एका वाक्याला: ‘बघ जरा’ला तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? खोडरबरवाल्या मुलीनं लिहिलं होतं, “सर, बघितलं. दोन्ही रीडिंग्ज आलेखात ठेवून त्यांच्याभोवती गोल करू का?”